जाळीमागे

२ नोव्हेंबर, रविवार

गुडघा: सकाळी आखडलेला. चहा झाल्यावर माणसात आला.

ही वही फिजिओच्या हुकमावरून. रोज गुडघ्याबद्दल दोन ओळी लिहायच्या: दुखला का, सुजला का, जिना उतरताना काय म्हणाला. आता गुडघ्यापाशी सांगण्यासारखं असं कितीसं असणार? इतके हंगाम त्याने माझ्यासाठी मर मर मरून काढले, आता त्याची बोलायची इच्छा नाही. तेव्हा उरलेल्या पानात मीच बोलून घेतो.

आज मी कोच झालो. क्लबने चौदा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल संघ माझ्या गळ्यात मारला. सेक्रेटरी ‘सोपवला’ म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका बघता माझाच शब्द बरोबर. मदतीला एक ताई आहेत. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, एके काळच्या डिफेंडर. मुली त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही म्हणतो. बोलणं मोजकं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, फॉरवर्ड ना तुम्ही? म्हणजे मागे येऊन मदत करायची सवय नसणार. डिफेंडर लोकांचा हा जुनाच विनोद आहे. मी हसून घेतलं.

संघात आमची मुंगीही आहे. मुंगी म्हणजे माझी मुलगी, वय बारा. हे नाव हिने, म्हणजे तिच्या आईने ठेवलं, कारण लहानपणी ती आपल्यापेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची. मी तेव्हा कुठल्या तरी दुसऱ्या गावात, कुठल्या तरी क्लबकडून खेळत होतो. मला ते फोनवर कळायचं. घरी मी पाहुण्यासारखा यायचो, पाहुण्यासारखा जायचो, आणि पाहुण्यासारखे माझे लाडही व्हायचे. आता कायमचा आलोय तर कुणालाच कळत नाहीये की या माणसाचं करायचं काय.

मैदानावर मला ‘बाबा’ नाही, ‘सर’ म्हणायचं, असं मी मुंगीला आधीच बजावलं होतं. उगाच कुणी बोट दाखवायला नको. तिने मान डोलावली. घरी परतल्यावर माझ्यापुढे पेला धरून म्हणाली, ‘सर, पाणी.’ ही खो खो हसली. मीही हसलो, पण पाणी अर्धंच प्यायलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुडघा: ठीक.

धुकं. एका गोलपाशी उभं राहिलं तर दुसरा गोल नाहीच. मुली धुक्यातून बाहेर येतात, माझ्यासमोरून धावतात आणि परत धुक्यात शिरतात. आवाज मात्र अगदी कानाशी. मला जाम आवडलं. खेळताना शेवटच्या वर्षांत मला असंच दिसायचं. बाकी सगळं पुसट आणि बॉल तेवढा पांढरा.

लोकांना वाटतं फॉरवर्डचं काम धावण्याचं. साफ खोटं. फॉरवर्डचं काम वाट बघण्याचं. सामन्याचा बहुतेक वेळ तो नुसता उभा असतो, अर्धवट झोपेत असल्यासारखा, आणि बाकीचे घाम गाळत असतात. मग एक क्षण येतो. तो आला की पाय आपोआप निघतो, डोक्याला विचारायला थांबत नाही. त्या एका क्षणाचे मला पैसे मिळायचे. कोचला असा क्षण नसतो, नुसतंच उभं राहणं असतं, आणि तेही रेषेच्या बाहेर.

आज जागा वाटल्या. सगळ्यात उंच मुलीला सगळ्या ‘शिडी’ म्हणतात, ती बचावाच्या मधोमध. मुंगीला मी फॉरवर्ड म्हणून मनात धरलं होतं. पोरीचा डावा पाय बघावा! माझाच पाय काढून तिला लावलाय जणू. आणि ही बया सरळ जाऊन गोलमध्ये उभी. क्लबचे जुने, मोठ्या मुलीच्या मापाचे ग्लव्हज हातात, तिच्या हातांत ते फुलके भाजायच्या चिमट्याला टोप्या घातल्यासारखे. मी विचारलं, गोलमध्येच का? म्हणाली, ‘तिथून सगळे येताना दिसतात.’

हे काय कारण झालं? मी हिला सांगितलं तर तीही हसली नाही. म्हणाली, लहानपणी खिडकीत बसायची ना, तशीच आहे अजून. मी म्हटलं, खिडकीचा इथे काय संबंध? तिने विषय सोडून दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार

गुडघा: जिन्यावर कुरकुरला.

पहाटे स्वप्न पडलं. बॉल वर गेला तो खाली येईना. मी खाली उभा, मान वर. सगळे खेळाडू कंटाळून घरी गेले, दिवे गेले, माळ्याने जाळ्यासुद्धा सोडवून नेल्या, आणि मी आपला बॉलची वाट बघतोय. पलीकडच्या टोकाला कुणीतरी लहानसं उभं होतं. हात हलवत होतं का थंडीने चोळत होतं ते समजलं नाही. मला तिकडे जायचं होतं, पण बॉल केव्हाही पडला असता.

नाश्त्याला हे सांगितलं. ही चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. म्हणाली, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, फक्त ते कधी जागेवर नसतात. खरंय. परवा मी भाजी चिरताना मध्येच थांबलो होतो म्हणे, सुरी हातात, आणि डावा पाय टेबलाखाली हलत होता.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने बोलता येणार नाही. मला मुंगी हवी आहे. संघासाठी नव्हे, मला. ती माझ्याशी नीट वागते, दार उघडते, मोजे वाळत घालते, सर म्हणते. पण आईच्या अंगावर ती धपकन जाऊन पडते, माझ्या शेजारी बसताना मात्र मध्ये उशी ठेवते. आता मला आयुष्यात येतं काय, तर एकच गोष्ट: पुढे उभं राहून गोल मारणं. तीच तिला देऊ शकतो. ती एकदा फॉरवर्ड झाली की आमचं बोलणं सुरू होईल. दोन फॉरवर्ड एकमेकांशी बोलल्याशिवाय राहूच शकत नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

गुडघा: बरा.

पहिला सामना. बरोबरी. दुसरी कुणी गोलमध्ये जायला तयार नव्हती म्हणून मुंगीला उभं केलं. तिने चांगले बॉल अडवले. मी तिला तसं सांगितलं नाही, कारण उगाच तिथेच रमायची.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गुडघा: उत्तम! आज त्याच्याकडे लक्षच नव्हतं.

आज मुलींना ‘सोड’ शिकवलं. हा माझा खास माल.

आम्ही दोघं फॉरवर्ड होतो, मी आणि भोपळा. पदार्पणाच्या हंगामात त्याला एकही गोल मारता आला नाही, म्हणून भोपळा. नंतर त्याने ढिगाने मारले तरी नाव काही सुटलं नाही. बाजूने बॉल आला की भोपळा तो घ्यायला वाकायचा, डिफेंडर त्याच्यावर तुटून पडायचे, आणि मी त्याच्या पाठीमागून ओरडायचो: ‘सोड!’ की त्याने पाय फाकवायचे आणि बॉल मधून जाऊ द्यायचा. मागे मी. पुढचं सांगायला नको. यात ग्यानबाची मेख अशी की भोपळ्याने मागे वळून बघायचं नाही. वळला की डिफेंडरला कळलंच. मी मागे आहे हे त्याने धरूनच चालायचं. इतकी वर्षं आम्ही एकत्र खेळलो, त्याने एकदाही वळून बघितलं नाही. आमच्या लग्नांतसुद्धा एवढा भरवसा नसेल असं आमच्या बायका म्हणायच्या.

मुलींना सांगितलं: ‘सोड’ ऐकलं की विचार करायचा नाही. हात, पाय, डोकं, सगळं बाजूला. सोड म्हणजे मागे आपलं माणूस आहे. मुंगीला मुद्दाम भोपळ्याच्या जागी घेतलं. सुरुवातीला ती दर वेळी वळून बघायची. मी म्हटलं, बघू नकोस, मी आहे. दहा-बारा वेळा चुकली, आणि मग एकदा अशी काही सोडली की बॉल तिच्या पायांतून माझ्याकडे आला आणि मी, गुडघा-बिडघा विसरून, डाव्या पायाने हाणला. जाळी हलली. मुली ओरडल्या. मुंगी माझ्याकडे बघून हसत होती, सगळे दात दाखवून. ताई म्हणाल्या, पोरगी पटकन शिकते. त्यांचा आवाज काळजीचा होता, पण डिफेंडर लोकांना अशा युक्त्या आवडत नाहीतच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गुडघा: ठीक.

जिन्यातून वर येताना मुंगी दारात उभी दिसली. मी खालूनच किल्ल्या फेकल्या आणि म्हटलं, सोड. झेलायला आलेले दोन्ही हात तिने झटक्यात मागे घेतले. किल्ल्या कठड्यावरून थेट तळमजल्यावर. मी टाळ्या वाजवल्या. मुंगी खूश. ही आतून म्हणाली, झालं कौतुक? आता उतरा आणि घेऊन या.

उतरलो. मजेत उतरलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

गुडघा: माहीत नाही.

हरलो. एक गोल, आणि तोही असा की काय लिहावं सुचत नाही.

सकाळपासून धुकं उठलंच नव्हतं. मी रेषेबाहेर, आमच्या गोलच्या बाजूला. सामना संपत आला होता, दोघांचेही गोल नाहीत. माझी जरा तंद्री लागली होती हे कबूल. समोरच्या संघाची एक मुलगी बाजूने पळत आली आणि तिने बॉल आत टाकला. अगदी संथ, जमिनीवरून, मऊ. असे बॉल फार क्वचित मिळतात. तो धुक्यातून घरंगळत येताना मला भोपळ्याची पाठ दिसली. शपथेवर सांगतो, दिसली. घामाने भिजलेली, वाकलेली. माझा डावा पाय मागे गेला, छातीत हवा भरली, आणि तो जुना क्षण आला, जो मला वाटलं होतं परत कधी यायचा नाही. इतकं बरं वाटलं, इतकं हलकं.

मग बघतो तर बॉल जाळीत. मुंगी वाकलेली होती, बॉल तिच्या हातात येतच होता, दोन वर्षांच्या पोराने धरला असता असा बॉल, आणि तिने हात काढून घेतले. पाय फाकवले. बॉल मधून गेला. ती मागे वळली आणि जाळीकडे बघत राहिली. बराच वेळ, जसं काही तिथे दुसरंच काहीतरी असायला हवं होतं.

शिडी माझ्याकडे बघत होती. मी शिडीकडे. दोघंही चक्रावलेले. मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तेव्हा सगळ्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी विचारलं, काय झालं गं? मुंगी म्हणाली, ‘मला वाटलं बाहेर जातोय.’ बाकीच्या खाली बघत बुटांच्या लेस सोडत बसल्या. ताई दारात उभ्या होत्या. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण मुंगीने त्यांच्याकडे बघितलं आणि त्या बॉल गोळा करायला निघून गेल्या.

घसा बसलाय. थंडीने असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

गुडघा: दुखतोय.

विचार केला आणि ठरवलं. तिच्या अंगात गोलकीपर नाही. गोलकीपरचा हात बॉलकडे जातो, तिचा बॉलपासून दूर गेला. हे शिकवून येत नाही. एका परीने बरंच झालं, आता ती पुढे खेळेल. नाश्त्याला मी तिला हे शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितलं. तू चुकलीस असं मी म्हणत नाही, तुझी जागा चुकली.

तिने ऐकून घेतलं. पाव खाऊन संपवला, बशी धुऊन ठेवली. मग म्हणाली, ‘मग मी नाही खेळणार.’

पुढे खेळ म्हणतोय, खेळू नकोस म्हणत नाहीये, असं मी परत परत समजावलं. तिने दप्तर उचललं आणि गेली. राग नाही, रडणं नाही, दार आपटणंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. ही म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत का तिला, नीट? मी म्हटलं, विचारलं की, बाहेर जातोय असं वाटलं म्हणाली. ही माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी भिंतीवरचा तक्ता आहे आणि तिला शेवटची ओळ लागत नाहीये.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गुडघा: तसाच.

सकाळी उठलो तर ओट्यावर ग्लव्हज. धुतलेले, वाळवलेले, एकावर एक ठेवलेले. क्लबचे आहेत, परत द्या, असं ती आईपाशी सांगून गेली.

सरावाला मुंगी नव्हती. शिडीला गोलमध्ये टाकलं तर ती बॉलला लाथा मारत सुटली. मी रेषेवर उभा राहिलो तर तंद्रीसुद्धा लागेना. सगळं फार स्वच्छ दिसत होतं. पलीकडचा गोल दिसत होता, त्याच्यामागचं कुंपण, कुंपणामागची घरं. मला वाटलं, घरी येऊन पुरता महिनासुद्धा झाला नाही आणि मी तिला घालवूनही बसलो. इतक्या वर्षांत दुरून जे झालं नाही ते जवळ येऊन झालं. पेनल्टी वाया घालवूनही मी इतका कधी हरलो नव्हतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गुडघा: काय फरक पडतो.

आज सरावाआधी सगळ्यांना गोलाकार बसवून मी गोलकीपरबद्दल बोललो. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, गोलमध्ये उभ्या असलेल्या मुलीने बॉलवरचे हात काढायचे नाहीत. मुंगीचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलंच. शिडी उठून उभी राहिली.

‘सर, पण तुम्हीच ओरडलात.’

मी म्हटलं, काय ओरडलो?

‘सोड. केवढ्याने ओरडलात.’

मी हसायला लागलो. मग एकेकीचा चेहरा बघितला आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, अख्ख्या मैदानाने ऐकलं. त्या दिवशी खोलीत मी जाण्याआधीच मुंगीने सगळ्यांना शपथ घातली होती: सरांना सांगायचं नाही. कारण, शिडीने सांगितलं, ती म्हणाली की ते पहिल्यांदाच कोच झालेत, त्यांना वाईट वाटेल.

मी तिथेच गवतावर बसलो. ओल होती, तरी बसलो. त्या क्षणाचं मी इथे काय काय लिहून ठेवलंय, किती बरं वाटलं, किती हलकं वाटलं. त्या हलकेपणात मी माझ्या पोरीच्या हातून बॉल काढून घेतला, आणि नंतर तिलाच जागा चुकली म्हणून सांगितलं. वर पाव खाताना.

ताईंनी सराव घेतला. जाताना मला हात देऊन उठवलं आणि म्हणाल्या, जा आता घरी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गुडघा: जिन्याच्या पायरीवर तासभर बसला, तक्रार नाही.

काल संध्याकाळी मुंगी जिन्यातच भेटली, शाळेतून येताना. घरात बोललो असतो तर ती पाणी आणायला गेली असती, म्हणून मी तिथेच पायरीवर बसलो. तीही बसली, दप्तर मध्ये ठेवून. मी म्हटलं, मला कळलं. ती म्हणाली, शिडीने सांगितलं ना? तिच्या पोटात काही राहत नाही.

मी माफी मागितली. नीट मागितली, गोड शब्द न शोधता. म्हटलं, मी मैदानावर नव्हतोच, कुठेतरी भलतीकडे होतो, चूक माझी आणि तुला शिक्षा. ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग जे मला खरंच समजत नव्हतं ते विचारलं. म्हटलं, बॉल तुझ्या हातात होता. तू गोलकीपर. सोड म्हटलं तरी सोडायचा कसा? कुणासाठी?

‘मला वाटलं, मागे तुम्ही आहात.’

म्हटलं, अगं, गोलच्या मागे काय असतं? जाळी.

‘हो. वळल्यावर दिसलं.’

वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरलं, आम्ही पाय बाजूला घेतले, ते गेले. मग मी विचारलं, परवा सामना आहे, येशील का? गोलमध्येच. तिने विचार केला. म्हणाली, येईन, पण आता तुम्ही कितीही सोड म्हणालात तरी मी पकडणार. मी म्हटलं, कबूल. खरं सांगायचं तर जरा लागलं. इतक्या कष्टाने शिकवलेलं पार धुऊन निघालं.

आज सकाळी ताईंना फोन केला. म्हटलं, उद्या रेषेवर तुम्ही राहा. माझ्या तोंडाचा भरवसा नाही. त्यांनी विचारलं, आणि तुम्ही? मी म्हटलं, मी मागे.

२३ नोव्हेंबर, रविवार

गुडघा: टम्म सुजलाय. का ते खाली लिहितो.

ताईंनी रेफरीला आधीच विचारून ठेवलं होतं. तोंड बंद ठेवणार असतील तर राहू देत जाळीमागे, म्हणाला. तसा मी आमच्या गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो, बोटं जाळीत अडकवून.

आयुष्यभर मी गोलकडे तोंड करून उभा राहिलो, पण गोलच्या पाठीमागून कधी बघितलं नव्हतं. सगळं उलटं दिसतं. धुकं होतंच. त्या पांढऱ्यातून एकेक जण आकार घेत घेत आपल्याच दिशेने येतं, आधी नुसती हालचाल, मग पाय, मग चेहरा. सगळे येताना दिसतात. आणि त्या सगळ्यांच्या आणि माझ्या मध्ये एकच पाठ, मुंगीची. एवढीशी पाठ. मला वाटलं होतं गोलकीपर नुसता उभा असतो. अजिबात नाही. ती सतत हलत असते, अर्धं पाऊल इकडे, अर्धं तिकडे, झोक्यावरच्या माणसासारखी. आणि ओरडते! घरात जिचा आवाज ऐकायला कान लावावा लागतो ती पोरगी शिडीला डावीकडे हो, पुढे जा, झोपलीस का, असं दरडावत होती. शिडी निमूट ऐकत होती. मी तोंडाला कुलूप लावून बघत राहिलो.

एकदा बाजूने तसाच संथ बॉल आला. अगदी तसाच, मऊ. माझा पाय मागे जायला निघाला आणि मी जाळी घट्ट धरली. मुंगी वाकली आणि बॉल पोटाशी घेऊन त्याच्यावर आडवी झाली. उठली, बॉल लांब फेकला. पूर्वार्धभर तिने एकदाही मागे बघितलं नाही. मी म्हटलं, बघेल एकदा तरी, मी आहे की नाही ते. छे.

मध्यंतरात संघ बाजू बदलतात. हे मला माहीत नाही का? पण मुली ताईंपाशी गोळा झाल्या, गोल रिकामा झाला, आणि मी त्या रिकाम्या गोलमधून धुक्याकडे बघत तिथेच राहिलो. शुद्धीवर आलो तो लाल ग्लव्हज घातलेली एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभी. समोरच्या संघाची गोलकीपर. म्हणाली, ‘काका, तुम्ही कुणाचे?’

मी म्हटलं, पलीकडच्या गोलचा. आणि निघालो. मैदानाला अर्धा वळसा, कडेने, चिखलातून. पळणं कसलं, फरफटणं. इतकी वर्षं हजारो लोकांसमोर धावलो, पण असा जीव तोडून कधी धावलो नसेन. धुक्यात पलीकडचा गोल दिसत नव्हता. फक्त वाटत होतं की आता शिट्टी होणार, आणि तिच्या मागे नुसती जाळी असणार.

शिट्टी झाली नाही. जवळ गेल्यावर कारण कळलं. दोन्ही संघ उभे, बॉल मध्यावर, रेफरीच्या ओठांत शिट्टी, आणि मुंगी गोलच्या रेषेवर उकिडवी बसून बुटाची लेस बांधतेय. रेफरी म्हणाला, झालं का बाळ? ती म्हणाली, दुसऱ्याही पायाची सुटलीय. मोठमोठे ग्लव्हज काढून ठेवलेले, सावकाश चाललेलं. मी पोचलो, जाळी धरली, धापा टाकत टेकलो, तेव्हा कुठे तिची गाठ बसली. ती उठली, ग्लव्हज चढवले, रेफरीला हात केला. रेफरी वैतागला होता. त्याने तिला पुढच्या वेळी आधी आवरून येत जा म्हणून सुनावलंही. तिने मान डोलावली. माझ्याकडे या वेळीही बघितलं नाही.

एक-एक अशी बरोबरी. जो गोल झाला त्यात तिचा काही दोष नव्हता, तो कुणालाही अडवता आला नसता. मी खूश आहे. फार खूश आहे. माझं नशीबच म्हणायचं की नेमकी तेव्हाच तिची लेस सुटली, नाहीतर उत्तरार्धाची सुरुवात हुकलीच होती.

पण सुटली कशी, हे काही डोक्यात शिरत नाही. सकाळी मीच बांधून दिल्या होत्या. दुहेरी गाठ, वर टोकं आत खोचून, आम्ही मोठ्या सामन्यांना बांधायचो तशी. माझी अशी गाठ आजवर कधी सुटलेली नाही, आणि आज एकदम दोन्ही पायांची. उद्या तिच्यासाठी नव्या लेस आणायला हव्यात.